मूल बोलेल तसं: बालसंरक्षणाच्या प्रशिक्षणाचा आढावा

सहा वर्षांची मुलगी पोलिसांना सांगते, ‘त्या काकांनी शूच्या जागी हात लावला. मी नको म्हटलं. मग त्यांनी गोळी दिली.’ कागदावर मात्र बरेचदा असं उमटतं: ‘सदर इसमाने माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले.’ सहा वर्षांची मुलगी ‘सदर इसम’ म्हणत नाही. लज्जा उत्पन्न होते म्हणजे नेमकं काय होतं, हेही तिला ठाऊक नसतं. खटला उभा राहिला की बचावाचा वकील बरोबर तिथेच बोट ठेवतो: हे शब्द तुझे की साहेबांचे?

मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम 26 नुसार जबाब मूल बोलेल तसाच, आईवडील किंवा मुलाच्या विश्वासातल्या माणसासमोर नोंदवायचा असतो. हा कायदा 14 नोव्हेंबर 2012 ला लागू झाला. नियमाला एक तप होऊन गेलं, तरी ‘सदर इसम’ जबाबातून जात नाही. लिहिणाऱ्या हवालदाराच्या मनात खोट असतेच असं नाही. त्याला ज्यांनी जबाब लिहायला शिकवलं, त्यांनी असाच शिकवला. मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्यांना काय शिकवायचं, कुणी, किती दिवस, आणि शिकवलेलं टिकतं की नाही हे कसं पाहायचं, यावर गेली काही वर्षं बरीच चर्चा चालू आहे. ती आज कुठे येऊन पोहोचली आहे, ते पाहू.

पार्श्वभूमी

मुलांना आसरा देण्याचं काम महाराष्ट्राला नवं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा त्या कामाला लागत होती ती छाती. त्याची पदवी कुठे मिळत नव्हती. मुलांसाठी कायद्याने वेगळी व्यवस्था आणली ती 1924 च्या मुंबई बालक कायद्याने. 1927 मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचं निरीक्षणगृह आणि मानखुर्दची बालगृहं हा तिचाच पसारा. निरीक्षणगृहाला अजूनही सगळे ‘रिमांड होम’च म्हणतात. कायद्याने नाव बदललं, लोकांच्या तोंडचं बदललं नाही.

या कामासाठी शिकलेली माणसं तयार करण्याची सोय 1936 मध्ये झाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुढे मुंबईत निर्मला निकेतन आणि पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आली. परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, संस्थाचालक या शाळांतून निघू लागले. पोलीस, दंडाधिकारी, शिक्षक आणि बालगृहातले काळजीवाहक मात्र या शिक्षणाच्या बाहेर राहिले. गंमत अशी, की अडचणीतल्या मुलाची पहिली गाठ पडते ती याच बाहेर राहिलेल्यांशी.

मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगात डांबलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. 1986 मध्ये त्यावर आदेश आले आणि त्याच वर्षी देशभरासाठी पहिला बालन्याय कायदा झाला. बालहक्कांची आंतरराष्ट्रीय संहिता 1989 ची. भारताने ती डिसेंबर 1992 मध्ये स्वीकारली. तिथून सरकारी कागदांत ‘कल्याण’च्या शेजारी ‘हक्क’ हा शब्द येऊन बसला. 1996 मध्ये टाटा संस्थेतूनच, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने, 1098 ही मुलांची मदतवाहिनी सुरू झाली. 2000 च्या कायद्याने मुलगा असो वा मुलगी, वयाची मर्यादा 18 केली. केंद्राने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाल अत्याचारविषयक अभ्यासात 13 राज्यांतल्या 12,447 मुलांना विचारलं गेलं आणि त्यांपैकी 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्या आकड्यानंतर ‘आमच्याकडे असं होत नाही’ म्हणायची सोय उरली नाही. 2009 मध्ये एकात्मिक बाल संरक्षण योजना आली. तीच आता मिशन वात्सल्य या नावाने चालते. तिच्यातून जिल्ह्याजिल्ह्यांत बाल संरक्षण कक्ष उभे राहिले आणि प्रशिक्षण लागणाऱ्यांची रांग एकदम लांबली.

कायदा काय मागतो

2015 चा बालन्याय कायदा या बाबतीत मोघम नाही. बाल कल्याण समितीच्या अध्यक्ष आणि चार सदस्यांना नेमणुकीनंतर दोन महिन्यांत प्रशिक्षण द्यायचं. कायदा मोडल्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळाच्या सदस्यांना 60 दिवसांत, आणि त्यातून प्रधान दंडाधिकारीही सुटलेले नाहीत. प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान एक बाल कल्याण पोलीस अधिकारी हवा, त्याला या कामाची आवड हवी आणि योग्य प्रशिक्षणही. पॉक्सोचं कलम 43 सरकारी अधिकाऱ्यांना आणि पोलिसांना ठरावीक काळाने प्रशिक्षण देण्याचं बंधन घालतं.

शिकवणाऱ्या संस्थाही आहेत. 1966 पासूनची दिल्लीची राष्ट्रीय लोकसहभाग व बालविकास संस्था 2025 पासून सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखली जाते. बंगळुरूच्या निम्हान्सचा ‘संवाद’ हा उपक्रम 2020 पासून मानसिक आरोग्याच्या अंगाने हे काम करतो. न्यायाधीशांसाठी उत्तनची न्यायिक अकादमी आहे, पोलिसांसाठी नाशिकची. शिवाय मुंबई-पुण्यातल्या संस्था आहेतच. कामाठीपुऱ्यात 1986 पासून काम करणारी ‘प्रेरणा’, किंवा पीडित मुलींच्या सोबत न्यायालयात उभी राहणारी ‘मजलिस’, यांच्याकडचं ज्ञान पुस्तकातून आलेलं नाही.

तरीही, 2005 मध्ये संपूर्णा बेहुरा यांनी दाखल केलेल्या याचिकेवर 9 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा रिक्त पदं भरा आणि माणसं घडवा, हेच पुन्हा सांगावं लागलं.

कलमं आधी की कौशल्य आधी

एका जिल्ह्याच्या ठिकाणी नियोजन भवनात मी अशा एका शिबिराला बसलो होतो. दाराशी हजेरीपट, टेबलावर फायली आणि पेन, भिंतीवर फ्लेक्स. सकाळी उद्घाटन लांबलं, त्यामुळे जेवणानंतरची दोन सत्रं एकात कोंबली गेली. वक्ते वकील होते, चांगले होते. पडद्यावर एकामागून एक कलमं सरकत होती. मागच्या रांगेतल्या एक महिला उपनिरीक्षक उठून म्हणाल्या, ‘सर, मूल काहीच बोलत नसेल तर मी किती वेळ गप्प बसायचं?’ सर क्षणभर थांबले आणि त्यांनी पॉक्सोचं कलम 24 पुन्हा समजावून सांगितलं: गणवेश नको, शक्यतो मुलाच्या घरी, रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. सगळं बरोबर होतं. बाईंचा प्रश्न तेवढा राहून गेला.

या क्षेत्रातली पहिली मोठी मतभिन्नता इथली आहे. एका बाजूचं म्हणणं असं, की आधी कायदा पक्का करा. मुलाचं पहिलं नुकसान होतं ते नियम माहीत नसल्यामुळे. कलम 19 नुसार घटना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे, हे ज्या मुख्याध्यापकाला माहीत नाही, तो शाळेच्या अब्रूची काळजी करत बसतो. दुसरी बाजू म्हणते, कलमं हँडबुकात असतात, लागली की बघता येतात. मुलापुढे कसं बसायचं, कुठला प्रश्न विचारायचा नाही, आपल्याला आलेलं रडू कुठे ठेवायचं, हे हँडबुकात सापडत नाही.

तिसरं एक मत अलीकडे ठळकपणे ऐकू येऊ लागलं आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाला आणि त्यांच्या पालकांना तक्रारीसाठी पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, पोलीस अधिकारी निलंबित झाले, मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती स्थापन करण्याचा शासन निर्णय 10 मार्च 2022 चा, म्हणजे घटनेच्या दोन वर्षं आधीचा. या मताचे लोक विचारतात, इथे नक्की कोणतं प्रशिक्षण कमी पडलं? तक्रार लगेच नोंदवायची असते हे कुठल्या पोलिसाला ठाऊक नसतं? त्यांच्या मते जबाबदारी निश्चित करायची वेळ आली, की ‘संवेदनशीलतेचं प्रशिक्षण देऊ’ असं जाहीर करणं सगळ्यांनाच सोयीचं जातं. हे म्हणणं मला डावलता येत नाही. पण ते पुरतंही नाही, कारण जिथे इच्छा आहे तिथेही हात चुकतात.

एका दिवसाचं शिबिर आणि त्यानंतर

हात कसे चुकतात हे समजून घ्यायला मराठीतला एक इवलासा शब्द पुरे: ‘ना’. ‘काय झालं ते मला सगळं सांग’ हा मोकळा प्रश्न. ‘त्यांनी तुला इथे हात लावला ना?’ हा उत्तर हातात ठेवून विचारलेला प्रश्न. मोठ्यांनी ‘ना’ म्हटलं की लहान मूल मान डोलावतं, ही घरोघरची गोष्ट. जबाबात ती मान ‘होय’ होऊन बसते आणि न्यायालयात तेच ‘होय’ डळमळीत ठरतं.

मुलांशी बोलण्याच्या पद्धतीवर सगळ्यात चिवट संशोधन झालं ते मायकेल लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेत 1990 च्या दशकात त्यांनी मुलाखतीचा एक ठरीव आराखडा बेतला. मोकळ्या प्रश्नांनी मुलं अधिक आणि अधिक खात्रीलायक सांगतात, हे त्यातून दिसलंच. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते पुढचं. प्रशिक्षण घेतलेल्यांच्या मुलाखती कुणीतरी नियमित वाचून ‘इथे तू घाई केलीस’ असं सांगत राहिलं, तोवर दर्जा टिकला. ते वाचणं थांबलं आणि काही महिन्यांत माणसं जुन्या सवयीवर आली. वर्गात शिकवणारे तेच होते, शिकणारेही तेच.

ब्रिटनमध्ये आयलीन मन्रो यांनी 2011 च्या आपल्या अहवालात दुसऱ्या टोकाचा धोका दाखवला: नियम आणि नमुने इतके वाढले, की समाजकार्यकर्ते मुलापेक्षा फॉर्मकडे पाहू लागले. आपल्याकडचे परिविक्षा अधिकारी हे वाचून हसतील. मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल 15 दिवसांत द्यायचा असतो. नमुना 6 मध्ये घर, शाळा, संगत, सवयी अशा रकान्यांची लांबलचक रांग आहे. घरभेटीला जायला गाडी नसते, मग रकाने फोनवर भरले जातात. एकसारखे अहवाल निघतात. ‘आर्थिक परिस्थिती हलाखीची, वाईट संगत’ हे दोन शेरे तर जणू छापलेलेच. फॉर्म नीट भरायला शिकवणं हे प्रशिक्षण, की फॉर्मपलीकडचं पाहायला शिकवणं हे प्रशिक्षण, यावर मतं दोन्ही आहेत. नवख्याला रकान्यांचा आधार लागतो आणि मुरलेल्याला त्यांचा काच होतो, एवढं तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

कळवायचं की सावरायचं

सगळ्यात नाजूक वाद सक्तीने कळवण्याच्या तरतुदीचा. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, मानसिकदृष्ट्या दुर्बल मुलीवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात, घटना दडवणाऱ्यांना कठोर शब्दांत समज दिली होती. प्रशिक्षणात त्यामुळे एकच सूत्र घोटवलं जातं: कळलं की कळवा. समुपदेशक आणि स्त्रीरोगतज्ज्ञ इथे अडखळतात. सोळा-सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीने कुणाबरोबर असते, गरोदर राहते, दवाखान्यात येते. कायद्याच्या लेखी तीही पीडित. डॉक्टर कळवतील या धास्तीने ती दवाखान्यात येईनाशी झाली, तर संरक्षण कुणाचं झालं? 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीची ओळख, तिने आणि पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरांनी उघड करण्याची गरज नाही असं म्हटलं. विधी आयोगाने मात्र सप्टेंबर 2023 च्या 283 व्या अहवालात संमतीचं वय 18 वरून खाली आणू नये असं सांगितलं आणि अशा खटल्यांत न्यायाधीशांना विवेकाची थोडी मोकळीक सुचवली. सक्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांची भीतीही खोटी नाही. ‘प्रेमप्रकरण’ म्हणून किती अत्याचार मिटवले जातात, ते गावपातळीवर काम करणाऱ्यांना विचारावं. कळवण्याचा हाच पेच बालविवाहातही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. बालविवाह रोखायची जबाबदारी गावात ग्रामसेवकाची, आणि लग्नाच्या पंगतीत सगळं गाव. त्याला कायद्याच्या पाठांतराइतकीच सरपंचासमोर ठाम उभं राहायची तालीम लागते.

मूल्यमापन कुणाचं आणि कोण करणार

सोळा ते अठरा वयाच्या मुलाने घोर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक क्षमता आणि परिणामांची समज यांचं प्राथमिक मूल्यमापन बालन्याय कायद्याच्या कलम 15 नुसार करायचं असतं. त्यावर तो प्रौढ म्हणून खटल्याला सामोरा जाणार की नाही ते ठरतं. हे काम नाजूक आहे आणि मानसशास्त्रज्ञांची मदत घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये सांगितलं. 2023 मध्ये राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने मार्गदर्शक सूचनाही काढल्या. काही मानसोपचारतज्ज्ञ मुळातच विचारतात, की घटनेच्या वेळची मनःस्थिती महिन्यांनंतर मोजायचं असं कुठलं मोजमाप आमच्याकडे आहे? म्हणजे जे शास्त्रालाच नीट येत नाही, ते प्रशिक्षणात कसं शिकवणार?

पुण्यात मे 2024 मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने झालेल्या अपघातानंतर हा प्रश्न चावडीवर आला. त्याला जामीन देताना बाल न्याय मंडळाने घातलेली 300 शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली, आणि मंडळाच्या दोन बिगरन्यायिक सदस्यांना सरकारने पुढे पदावरून दूर केलं. जून महिन्यात उच्च न्यायालयाने त्या मुलाला निरीक्षणगृहातून सोडण्याचा आदेश दिला, कारण कायद्याची रीत कायद्यानेच पाळायची असते. लोकांचा संताप आणि कायद्याचा हेतू यांच्यात तोल कसा राखायचा, हा धडा कुठल्याही दोन दिवसांच्या शिबिरात बसणारा नव्हे.

डॉक्टरांकडून शिकण्यासारखं

या सगळ्यात बदल पाठ्यपुस्तकापर्यंत पोहोचल्याचं एक उदाहरण वैद्यकीय क्षेत्रात आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी 2010 च्या सुमारास अत्याचारपीडितांच्या तपासणीतल्या दोषांवर सविस्तर अहवाल लिहिला. प्रकरण नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. मुंबईत ‘सेहत’ संस्थेने पालिका रुग्णालयांबरोबर तपासणीची आणि सांत्वनाची नवी रीत बसवली. 2019 मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कौमार्याच्या ‘लक्षणांचा’ भाग अभ्यासक्रमातून काढायचं ठरवलं. ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी करणं हे गैरवर्तन ठरवलं आणि अभ्यासक्रम तपासायला सांगितलं. इथे नोकरीतल्या डॉक्टरांसाठी कार्यशाळा झाल्याच, पण धक्का मुळाला, म्हणजे पदवीच्या पुस्तकाला लागला. बी.एड.च्या, विधी महाविद्यालयाच्या किंवा पोलीस शिपायाच्या पायाभूत प्रशिक्षणाच्या बाबतीत असा खल अजून व्हायचा आहे.

शिकलेली माणसं टिकतात का

जिल्हा बाल संरक्षण कक्षातली बरीच पदं कंत्राटी आहेत. अकरा महिन्यांचा करार, मग ‘ब्रेक’, मग पुन्हा करार. चांगला समुपदेशक दुसरी नोकरी मिळाली की जातो, आणि त्याच्याबरोबर त्याचं शिक्षणही. पोलिसांत बदल्या. नियोजन भवनातल्या त्या उपनिरीक्षक बाई पुढच्या वर्षी वाहतूक शाखेत होत्या. बाल कल्याण समितीची मुदत तीन वर्षांची. सदस्य कामात मुरतात तोवर नवी समिती येते. 1098 चा कारभार 2023 पासून स्वयंसेवी संस्थांकडून सरकारकडे गेला आणि ती सेवा 112 या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. सरकारची थेट जबाबदारी आली, देशभर एकच रीत आली, हे त्याच्या समर्थकांचं म्हणणं. रात्री तीन वाजता फोनवर रडणाऱ्या मुलाला बोलतं ठेवायची पंचवीस वर्षांची हातोटी विखुरली, हे टीकाकारांचं. दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे.

समाजकार्याला आपल्याकडे वकिली-डॉक्टरकीसारखी वैधानिक परिषद नाही. त्यामुळे ‘प्रशिक्षित बालसंरक्षण कार्यकर्ता’ कुणाला म्हणायचं, हेच ठरलेलं नाही. परिषद हवी असं म्हणणारे दर्जाचा आणि नोकरीतल्या सुरक्षिततेचा मुद्दा मांडतात. नको म्हणणाऱ्यांना भीती आहे, की पदवी नसलेली पण वस्तीत वीस वर्षं घालवलेली बाई या चौकटीबाहेर फेकली जाईल.

भाषेचा प्रश्न आणखी वेगळा. प्रशिक्षणाचं साहित्य इंग्रजी-हिंदीत तयार होतं आणि मग त्याचं ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ अशा मराठीत भाषांतर होतं. मेळघाटातलं मूल कोरकू बोलतं, भामरागडचं माडिया, धडगावचं पावरी. दुभाषा द्यायची तरतूद कायद्यात आहे. शरीराच्या अवयवांसाठी त्या भाषांत मुलं कोणते शब्द वापरतात, याची साधी यादी शिबिरात हातात पडली, तर ती दहा कलमांपेक्षा उपयोगी ठरेल.

काय उरतं

कायदा पुरेसा स्पष्ट आहे आणि शिकवणाऱ्यांची वानवा नाही, यावर आज फारसा वाद नाही. सक्तीने कळवण्याचा पेच आणि कलम 15 चं मूल्यमापन हे प्रश्न प्रशिक्षकांच्या हातात नाहीत, संसद आणि न्यायालयांच्या हातात आहेत. हातात आहे ते एक, आणि तेच होत नाही: शिबिरानंतर त्या माणसाचं काम पुन्हा वाचणं. किती जणांना प्रशिक्षण दिलं याचे आकडे वार्षिक अहवालात येतात. त्यांनी नंतर जबाब कसे लिहिले, हा रकाना माझ्या पाहण्यात नाही. माझं मत विचाराल तर पुढच्या शिबिरांचा निम्मा निधी याकडे वळवावा. दर महिन्याला एक दुपार. नावं झाकलेले दहा जबाब. उपनिरीक्षक, समुपदेशक, सरकारी वकील आणि बाल कल्याण समितीचा एक सदस्य एका टेबलाभोवती. ‘ना’ कुठे आला, ‘सदर इसम’ कुठे आला, तेवढं पेन्सिलीने अधोरेखित करायचं. सभागृह लागत नाही, फ्लेक्स लागत नाही. महाराष्ट्रात 36 जिल्हे आहेत. त्यांतल्या एका जिल्ह्याने वर्षभर हे करून पाहावं.